घरच्या शेडमध्ये मारुती ८०० चं इंजिन बांधायचं, पैसे कुठं वाचवायचे आणि कुठं नाही

भावा, तुझा प्रश्न वाचला. २००६ ची मारुती ८००, एमपीएफआय (इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारी), चार गिअरवाली, ऑइल पिते, मागं निळा धूर, गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून कान लावला आणि ‘फुल इंजिन’, म्हणजे सगळं इंजिन खोलून बांधायचं, म्हणून ३८ हजार सांगितले. तुझ्याकडं आहेत १८-२० हजार, कळंब्याला घरामागं पत्र्याचं शेड आहे आणि दिवाळीची सुट्टी आहे. तर घरी होईल का, लोकल रिंगा चालतील का, की सरळ जुन्या बाजारातनं दुसरं इंजिन आणून टाकू?

होईल. ८०० चं इंजिन घरी बांधायला सगळ्यात सोपं, तीन सिलिंडर, ७९६ सीसी, बीडाचा ब्लॉक (सिलिंडर असतात तो), अल्युमिनियमचं हेड (व्हॉल्व्हवालं वरचं झाकण), वर एकच कॅमशाफ्ट, दोन धडधाकट माणसं आणि एक चेनकप्पी असली की बाहेर निघतं. पण एक गोष्ट आधी डोक्यात पक्की कर, स्वस्तात इंजिन बांधणं म्हणजे स्वस्त पार्ट आणणं नव्हे. मजुरी तुझी, धुणं-पुसणं तुझं, तिथं पैसे वाचतात, आणि जो पार्ट मोजून चांगला निघाला तो परत वापरायचा, तिथंही वाचतात. मोजमाप, मशीनिंग आणि गॅस्केट-बेअरिंग-रिंगा यात वाचवायला गेलास की तेच काम सहा महिन्यात परत करायचं.

आणि त्याच्याही आधी एक, जे कुणी सांगत नाही. तुझी गाडी २००६ ची म्हणजे पंधरा वर्षं २०२१ लाच झाली, तेव्हा नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली असशील तर २०२६ ला परत आरटीओत उभं राहायचंय. तर आधी गाडीखाली झोपून बघ, मेंबर, फ्लोअर, सस्पेन्शन जिथं बसतं तिथला पत्रा, स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून बघ. पत्रा आत जात असेल तर इंजिनात एक रुपया घालू नको, पासिंगलाच अडकशील.

आता धूर. कान लावून फुल इंजिन सांगणं मला पटत नाही. निळा धूर कधी येतो ते दोन-चार दिवस नीट बघ. सकाळी स्टार्टरला भपकन येतो आणि मग थांबतो, किंवा ज्योतिबावरनं खाली येताना पाय उचलून गाडी गिअरमध्ये सोडली आणि खाली पोचून परत रेस दिली की येतो, तर संशय व्हॉल्व्हच्या ऑइल सीलवर, ते हेडचं काम, खालचं इंजिन उघडायची गरजच नाही. चढाला लोडवर सतत येत असेल, ऑइल टाकायचं झाकण उघडलं की तिथनंही धूर फुफाटत असेल तर मग रिंगा-बोअर, म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची आतली भिंत. पीसीव्हीचा पाइप, म्हणजे इंजिनातली वाफ-धूर परत आत ओढणारा, चोंदला असला तरी इंजिन ऑइल फेकतं बरं का, तो आधी काढून साफ कर, फुकटचं काम आहे.

मग कॉम्प्रेशन टेस्ट. गेज विकत घे नाहीतर माग कुणाकडनं तरी. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, इंजेक्टरचे आणि इग्निशनचे कनेक्टर काढलेले, बॅटरी फुल, आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, हे बरेचजण विसरतात आणि मग रीडिंग कमी आलं म्हणून घाबरतात. तिन्ही सिलिंडरचे आकडे लिहून काढ, एकमेकांत एक बारपेक्षा जास्त फरक नको. जो कमी आलाय त्यात प्लगच्या भोकातनं चमचाभर इंजिन ऑइल सोड आणि परत मार. आकडा चढला तर रिंगा-बोअरमधनं गळतंय, जिथल्या तिथं राहिला तर व्हॉल्व्ह, आणि शेजारशेजारचे दोन्ही कमी आणि ऑइलनं काही फरक नाही तर त्या दोघांच्या मधलं हेड गॅस्केट उडालंय. एवढ्यानंच अर्ध्या लोकांचं फुल इंजिन वाचतं.

समज खालचं काम निघालंच. तर उघडताना घाई नको. आधी फ्युएलचं प्रेशर सोड (पंपाचा कनेक्टर काढून गाडी बंद पडेस्तोवर चालव), मग बॅटरी काढ, आणि प्रत्येक पाइप, प्रत्येक वायरचा फोटो काढ, जवळनं एक आणि लांबनं एक. नट-बोल्ट जिथले तिथल्या पिशवीत, पिशवीवर मार्करनं नाव. हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड असतानाच, कडेकडनं मधे येत, थोडे थोडे ढिले करायचे, बसवताना उलट, मधनं कडेला. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप ही जोडी आहे, खोलायच्या आधी दोघांवर एकाच बाजूला पंचानं टिंबं मार, पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. कॅप बदलली किंवा उलटी बसली तर बेअरिंग खाणार म्हणजे खाणार.

हेड निघालं की एक काम सगळ्यात आधी कर, कारण आपलं कोल्हापूर आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात किती गाड्या बुडाल्या आठवतंय ना, दुधाळी, नागाळा पार्क, व्हीनस कॉर्नर, आणि त्यातल्या किती नंतर धुऊन पुसून विकल्या गेल्या. तू गाडी सेकंड हँड घेतलीस असं लिहिलंयस म्हणून सांगतो. पाण्यात स्टार्टर मारला की सिलिंडरमध्ये पाणी जातं, पाणी काय दाबलं जात नाही, मग रॉड वाकतो, थोडासाच, गाडी चालते पण तो सिलिंडर कायम एका बाजूनं झिजत राहतो. ओळखायचं कसं, क्रँक हातानं फिरवून प्रत्येक पिस्टन एकदम वर आण आणि ब्लॉकच्या तोंडापासून पिस्टनची उंची व्हर्नियरच्या मागच्या काडीनं मोज. तिन्ही सारखी यायला पाहिजेत, एक खाली राहिला तर तो रॉड बाद. सम्प (खालचं ऑइलचं ताट) काढल्यावर तळाशी आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी चॉकलेटी बारीक गाळ चिकटलेला दिसला तरी समजून जा.

आता मोजमाप, आणि इथं मी जरा वेळ घेणार आहे.

बोअरच्या वरच्या काठाजवळ, जिथं वरची रिंग थांबते तिथं नख फिरव. खालच्या बाजूला झीज आणि वर न झिजलेली कड, अशी पायरी नखाला लागते. नख अडकलं तर झीज आहे, पण किती? बोअर गेज तुझ्याकडं नाही आणि एका इंजिनासाठी घेऊ पण नको. एक जुगाड आहे, जुगाड म्हणतो पण हिशोब पक्का आहे. एक वरची रिंग पिस्टनवरनं काढ, बोअरमध्ये टाक, पिस्टननंच उलटं ढकलून सरळ बसव, आधी एकदम खाली जिथं रिंग कधी घासत नाही तिथं, आणि रिंगच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजनं (पातळ पत्र्यांच्या मापानं) मोज. मग तीच रिंग वर आण, पायरीच्या लगेच खाली, परत मोज. समज खाली ०.२५ मिलिमीटर आलं आणि वर ०.५५, फरक ०.३०. त्याला ३.१४ नं भाग, आलं जवळजवळ ०.१० मिलिमीटर, एवढा तुझा बोअर वर खालीपेक्षा मोठा झालाय. एक दशांशाच्या आसपास गेलं की बोअरिंगच, त्यात नुसत्या रिंगा टाकून भागत नाही. लोक टाकतात, दोन-तीन महिने गाडी मस्त पळते, मग परत धूर, कारण रिंग वर जाताना पसरते आणि खाली येताना आवळते, आणि नवी रिंग त्या पायरीवर आपटून तुटली तर बोअरला चर पडून नवंच काम निघतं. फरक ०.०३-०.०५ मध्ये असेल आणि भिंतीवर चिरा नसतील तर मात्र होनिंग (बोअरची भिंत दगडानं घासणं) करून नव्या रिंगा बिनधास्त टाक, आणि पिस्टन तेच. तुझे तिथंच बरेच पैसे वाचले.

या जुगाडानं टेपर, म्हणजे वर-खालचा फरक, कळतो, बोअर अंडाकार झालाय का ते नाही कळत. म्हणून निकाल काठावर असेल तर ब्लॉक रिकामा करून उद्यमनगरात घेऊन जा. भावा, आपण नशीबवान आहोत यात, बाकीच्या गावातली माणसं ब्लॉक घेऊन कुठं कुठं हिंडतात आणि आपल्याकडं एका गल्लीत बोअरिंग, शेजारी क्रँक ग्राइंडिंग, पुढं हेड फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं). ऑइल इंजिनांच्या काळापासनं हे काम इथं चालतंय, हात बसलेली माणसं आहेत. दोन-तीन ठिकाणी रेट विचार, पण रेटपेक्षा जास्त एक गोष्ट विचार, ‘पिस्टन बघून बोअर करणार का?’ जो म्हणेल पिस्टनची गरज नाही, स्टँडर्ड मापाला मारून ठेवतो, त्याच्याकडं ठेवू नको. पिस्टन आधी विकत घ्यायचे, तिन्ही त्याच्या हातात द्यायचे, तो प्रत्येक मायक्रोमीटरनं मोजून त्या त्या पिस्टनला त्या त्या सिलिंडरचा गाळा (मधली बारीक फट) ठेवणार. या इंजिनाचा मूळ बोअर ६८.५ मिलिमीटर, त्यावर ०.२५ आणि ०.५० ची ओव्हरसाइज असते, लेथवरचे जुने मेस्त्री त्यालाच दहा थाऊ, वीस थाऊ म्हणतात (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), घाबरू नको, तेच आहे. २५ मध्ये साफ होत असेल आणि पिस्टन मिळत असतील तर २५ च कर, पुढच्या वेळेला ५० शिल्लक राहते. बऱ्याच वेळा सरळ ५० ला नेतात कारण पिस्टन ५० चे पटकन मिळतात, ते पण चालतं, पण कारण विचार.

क्रँकला नखानं आणि मायक्रोमीटरनं बघायचं. बेअरिंगची पाटी एकसारखी राखाडी आणि जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) आरशासारखं असेल तर क्रँक नुसता पॉलिश करून स्टँडर्ड नवं बेअरिंग. पाटीवर तांब्याचा रंग दिसला किंवा जर्नलवर नख अडकलं तर ग्राइंडिंग आणि अंडरसाइज बेअरिंग. बसवताना प्लास्टिगेज वापर, ऑनलाइन मिळतं, मेणाच्या दोऱ्यासारखी बारीक काडी असते, जर्नलवर क्रँकच्या लांबीच्या दिशेनं ठेवायची, कॅप टॉर्कला आवळायची, क्रँक अजिबात न फिरवता परत खोलायची आणि काडी किती चपटी झाली ते पाकिटावरच्या पट्टीशी लावून बघायचं. ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर आलं तर सुखानं झोप. काठावर असलं तर मॅन्युअलची लिमिट बघ.

हेडची तर्‍हा वेगळी, गाडी कधी गरम झाली होती का आठव. सरळ पट्टी लांबीला, रुंदीला आणि तिरकी लावायची, खाली ०.०५ चा फीलर कुठं जात असेल तर फेसिंग. व्हॉल्व्ह पेस्टनं घासायला घरी येतं, सक्शनच्या काडीनं, मन लावून, सीटवर एकसारखी राखाडी रेघ उमटेपर्यंत. मग व्हॉल्व्ह-स्प्रिंग बसवून हेड उलटं ठेव, प्लग लाव, चेंबरमध्ये रॉकेल भर आणि चहा पिऊन ये. पोर्टमध्ये ओल दिसली तर परत घास. गाइडमध्ये (व्हॉल्व्ह ज्या नळीतनं वर-खाली होतो तिच्यात) व्हॉल्व्ह हलतोय का बघ, हलत असेल तर नवे सील महिनाभरात परत गळणार, मग गाइड बदलायला शॉपमध्ये.

पार्टचं विचारलंस. रिंगा, बेअरिंग, हेड गॅस्केट, व्हॉल्व्ह सील, क्रँकचे पुढचे-मागचे ऑइल सील, टायमिंग बेल्ट आणि त्याचा टेन्शनर, ऑइल फिल्टर, हे सगळं नवं आणि कंपनीचं, गोएत्झे म्हण, उषा म्हण, काहीही, पण बिलासकट आणि सील असलेल्या डब्यात. डुप्लिकेट रिंग बोअरमध्ये टाकून उजेडाला धरली की मागनं चंद्रकोर दिसते, म्हणून उघड्या पाकिटातल्या लोकल रिंगांच्या नादाला लागू नको. जुनं चालेल असं म्हणशील तर कॅम, रॉकर, रॉड, व्हॉल्व्ह (वाकडे, जळके नसतील तर), ऑइल पंप मोजून बरा असेल तर, सगळे सेन्सर, स्टार्टर, अल्टरनेटर. वॉटर पंप हाताला ढिला लागला तर बदल. क्लच प्लेट बघून घे, इंजिन खाली असताना बदलायला मजुरी शून्य.

आता, इंजिन कशामुळं झिजलं हे शोधल्याशिवाय बांधू नको. एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप तुटलेली आणि मधनं धूळ सरळ आत, हे मी सगळ्यात जास्त बघतो, उसाच्या हंगामात खेड्यातल्या रस्त्यांवर काय धुरळा असतो तुला माहीत आहे, ती माती ऑइलात मिसळली की ती घासायची पेस्टच. दुसरं, थर्मोस्टॅट काढून फेकलेला असतो, ‘गाडी गरम होत नाही’ म्हणून. अरे, इंजिन थंड राहिलं की पेट्रोल जास्त जातं, ते बोअरवरचं ऑइल धुतं आणि बोअर लवकर जातो. थर्मोस्टॅट बसव. रेडिएटर बोअरवेलच्या पाण्यानं चोंदला असेल तर तो आधी साफ, आणि इथून पुढं कूलंटच.

बांधणीच्या आदल्या दिवशी शेड झाड, पाणी शिंपड, टेबलावर धुतलेलं कापड घाल. होनिंग होऊन आलेला ब्लॉक पेट्रोल-रॉकेलनं पुसून साफ झाला असं समजू नको, दगडाची भुकटी चरांमध्ये बसलेली असते, ती निघते ती गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रशनंच, पांढरं कापड बोअरमध्ये फिरवून पांढरंच बाहेर येईस्तोवर. आणि वाळवून लगेच ऑइल लाव, आपल्याकडच्या दमट हवेत उघडा बोअर रात्रीत तांबूस होतो.

रिंगा चढवताना खालची ऑइलची आधी, तिच्या जाळीची टोकं एकमेकाला टेकलेली, एकावर एक चढलेली नको. मग दुसरी, मग वरची, खूण असलेली बाजू आकाशाकडं, फटी एकाखाली एक येऊ द्यायच्या नाहीत. पिस्टन रिंग कॉम्प्रेसरमधनं हातोडीच्या लाकडी दांड्यानं हळू ढकलायचा, अडला की थांब, रिंग बाहेर आली असणार, जोर लावशील तर तुटेल. आणि ही एक सवय लावून घे, प्रत्येक कॅप आवळली की क्रँक हातानं एक फेरा फिरव. सगळं हलकं फिरतंय आणि एका कॅपनंतर अचानक जड झालं तर दोष त्याच कॅपखाली आहे, तिथंच सापडतो. शेवटी एकदम फिरवून बघशील तर कुठं शोधणार?

टॉर्क रेंच उसना आण, भाड्यानं आण, पण आण, आकडे तुझ्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधले घे, कुणाच्या तोंडचे नको. हेड बोल्टच्या भोकात ऑइल-पाणी साचलेलं असलं तर टॉर्क खोटा येतो, ब्लॉकला तडासुद्धा जातो, हवा मारून कोरडी कर. सिलिकॉनचं पॅकिंग सम्पला बारीक दोरीएवढं, जास्तीचं आत पिळून पडतं आणि ऑइलच्या जाळीला जाऊन बसतं. टायमिंगच्या खुणा जुळवल्या की क्रँक हातानं दोन फेरे फिरवून परत बघ, जुळल्या तरच कव्हर लाव.

चालू करताना ऑइल भरून, प्लग बाहेर ठेवून, इंजेक्टरचे कनेक्टर काढून, दहा-दहा सेकंद स्टार्टर मार, ऑइलचा दिवा विझेस्तोवर. मग प्लग लाव आणि चालू कर. पहिलं ऑइल साधं मिनरल २०डब्ल्यू-४० घाल, सिंथेटिकच्या भानगडीत पडू नको. लोक नवीन इंजिन तासभर दारात नुसतं चालू ठेवतात ते चूक, रिंगांना लोड पाहिजे तरच त्या बसतात. गरम होऊ दे, फॅन लागतो का बघ, गळती बघ आणि रस्त्याला काढ. हायवेला कागलपर्यंत एकाच स्पीडला ताणण्यापेक्षा राधानगरी रोडला जा, तिसऱ्या-चौथ्यात चाळीसवरनं साठपर्यंत अर्ध्या पायानं ने, पाय सोड, परत ने. गगनबावड्याचा घाट भरल्या गाडीनं हजारभर किलोमीटरनंतर. ५०० किलोमीटरच्या आतच ऑइल आणि फिल्टर बदल, आणि जुना फिल्टर फेकू नको, पत्रा कापून कागद उघड. करडी बारीक चमक असणार, ती चालते, पण सोनेरी किंवा तांबूस कपच्या दिसल्या तर बेअरिंग जातंय, गाडी तिथंच उभी कर आणि सम्प काढ.

जुन्या बाजारातल्या इंजिनाचं शेवटी सांगतो. किंमत ऐकून मन होतं, पण त्याचं कॉम्प्रेशन तुला तिथं मोजू देत नाहीत, पुरातलं आहे का कळत नाही, आणि इंजिन नंबर बदलला की आरसी बुकवर नोंद करून घ्यावी लागते, त्यासाठी त्या इंजिनाचं बिल आणि मूळ गाडीचे कागद लागणार. कागद नसतील तर हातसुद्धा लावू नको. तुझा ब्लॉक फुटलेला नसेल तर तोच बांध, एमएच-०९ च्या तुझ्या बुकावर जो नंबर आहे तो आहेच. कॉम्प्रेशनचे तीन आकडे, कोरडे आणि ऑइल घालून असे दोन्ही, इथंच टाक, मग उघडायचं का नुसतं हेड काढायचं ते बघू.